बंपरला बादलीचे ठिगळ

साठी उलटल्यावर पत्नी मोटार चालवायला शिकली. महाल भागातल्या आमच्या गल्लीतील दुचाकीस्वारांनी तिला वाट द्यायला शिकणे, हा त्या शिक्षणाचा दुसरा भाग होता. दोन्ही यथावकाश पार पडले. ती एकटीच वाडीला बहिणीकडे जाऊ लागली आणि साडूंच्या पित्तावरील विवेचनातून माझी सुटका झाली.

ही सुटका एका सकाळी धोक्यात आली. गाडी आत घेताना तिचा पुढचा कोपरा फाटकाच्या खांबाला लागला आणि बंपरला वीतभर चीर गेली. खांब मध्येच आला, असे पत्नीचे म्हणणे पडले. मी म्हणालो, "खांब तिथेच होता." विधान अचूक होते. तिने किल्ली माझ्या हातात ठेवली.

"आता तुम्हीच चालवा. मी नाही हात लावत."

त्या रविवारी साडूंसमोर बसून मी ओव्याचे गुणधर्म ऐकले. चीर दिसत राहील तोवर ती किल्ली घेणार नव्हती, हे उघड होते. परतताना मी दुरुस्तीचा निश्चय केला. हेतू निव्वळ स्वार्थी होता.

डेंटिंग-पेंटिंगवाल्याने वाकूनही न पाहता निकाल दिला, "काकाजी, फेका हा. नवीन टाकून घ्या." वस्तू फेकण्याचा सल्ला मला मानवत नाही. मी बंपर सोडवून अंगणात आणला.

प्लास्टिक जोडताना त्याची जात जुळावी लागते. बंपरच्या आतल्या अंगाला ती इंग्रजी अक्षरांत उमटवलेली असते. तीच अक्षरे मला न्हाणीघरातल्या हिरव्या बादलीच्या बुडाशी सापडली. आमच्या लग्नात पत्रिका इतकी काटेकोर जुळवली नव्हती. बादली फुटकी होती, हे माझे मत. पत्नीचे वेगळे होते. चीर पुढे सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्रे पाडली, कडा तासल्या, आतून चहाच्या गाळणीची जाळी बसवली आणि सोल्डरिंग आयर्नच्या तापल्या टोकाने बादलीच्या पट्ट्या त्यात वितळवल्या. त्या दिवशीचा चहा पत्तीसकट प्यावा लागला.

पॉलिश पेपरने घासल्यावर चंदेरी बंपरवर हिरवी शिवण उठून दिसू लागली. बंपर परत बसवून मी रंगाचा डबा उघडायला घेतला. पत्नी पायरीवर उभी होती.

"रंग काहून लावून राहिले आत्ताच? मले आधी फाटकातून काढून पाहू द्या. वाया जायचा."

युक्तिवादात दोष नव्हता. मी डबा खाली ठेवला, तो अजून तसाच आहे. किल्ली तिला दिली.

तिने गाडी मागे घेत अंगुळ-अंगुळ बाहेर काढली. खांब आणि हिरवी शिवण यांच्यामध्ये पंजा मावेल इतके अंतर राहिले. गल्लीत थांबून तिने काच खाली केली.

"खांब तिथंच आहे का, पाहा जरा."

आणि ती वाडीकडे निघून गेली.

मी पाहिले. होता.