आधी तळवे गरम

धामणकर नाक्यावर यंत्रमागाच्या कारखान्यावरच्या खोलीत ती हलक्या हाताने चोळून बायकांचे मान-खांदे मोकळे करून देते. गोदामातली ड्युटी सोडून ती हे शिकली. गिऱ्हाईकं आत्ता कुठे जमू लागली आहेत. अंगाला हात लावण्याआधी ती तळवे चोळून गरम करणारच. मग म्हणते, "ताई, आता गप पडा." माझ्यासारखी बडबडीसुद्धा गप्प पडते.

परवा माझ्या मानेशी तिची बोटं थांबली. "गाठ हाय. हे माझं काम न्हाय, डॉक्टरला दाखवा."

"बघू उद्या," मी म्हटलं.

तिने बाहेर थांबलेल्या बायकांना परत पाठवलं, खोलीला कुलूप लावलं आणि मला घेऊन दवाखान्याकडे निघाली. रिक्षात तिने माझा हात धरला. तिचा तळवा गारठला होता.