शाबासकी आधी गुड्डीला

शमीमआपांची कुत्री गुड्डी नाक वाळूला लावून, झुडपांना वळसे घालत, मोठ्या आत्मविश्वासाने निघाली आणि थेट माझ्या बुटांपाशी येऊन बसली. ज्या जखमी हरणीला शोधायचं होतं, तिला पाण्याच्या टँकरने जिथे उडवलं होतं ती जागा मी फोटो काढायच्या नादात मनसोक्त तुडवली होती. हरणीचं रक्त माझ्या बुटांच्या तळाला लागलं होतं.

"भाऊ," शमीमआपा म्हणाल्या, "हरीण तुम्हीच असाल तर सांगा. डॉक्टर आलेलेच आहेत."

बायका हसल्या. माझी बायको मेधा हसली नाही. गुड्डीची लांब दोरी त्या सकाळी पहिल्यांदाच तिच्या हातात होती. मी आपला ड्रायव्हर म्हणून आलेला.

आपा मूळच्या श्रीवर्धनकडच्या, राहायला अल कुसैसला, नोकरी शिपिंग कंपनीत. वडिलांबरोबर लहानपणी रानडुकराच्या मागावर गेलेल्या. इथे आखातात शिकारीला बंदी. पण ज्या बायकांना परवाना काढून परदेशात शिकारीला जायचं असे, त्या आपांकडे शिकायला येत. मेधासारख्या नुसत्या कुत्र्यांच्या वेडाने येणाऱ्याही होत्या. फुजैराच्या रस्त्याला एका अरबाचं खाजगी राखीव रान होतं, तिथे आपा सगळ्यांना आधी जखमी जनावर शोधायला लावत. "गोळी झाडणं सोपं. तुमच्या हातून जखमी होऊन पळालं, ते सापडेपर्यंत तुमचं. जेवायचं नाही, घरी जायचं नाही."

बिल्डिंगमधल्या बायका टोमणे मारत, नमाजी बाई आणि कुत्रं पाळते! आपा म्हणत, "कामाची कुत्री आहे. तुमच्यासारखी सोफ्यावर बसत नाही."

त्यांनी दोरी गोळा केली आणि सगळ्यांना पुन्हा सावलीत बसवलं.

"आता कशाला थांबायचं? ऊन वाढतंय," मी म्हणालो.

"लगेच मागे लागलो तर हरणी जीव तोडून पळेल. कोणी मागे नाही असं वाटलं तर जवळच कुठेतरी बसेल. तुम्हीही बसा."

मी बसलो, उठलो, घड्याळ पाहिलं, चहा सांडला. मेधा दोरीची गाठ सोडत होती, बांधत होती. तिकडे हरणी रक्त गाळत पडलेली आणि आपा निवांत खजूर खात होत्या! मग माझं लक्ष गेलं. एकच खजूर त्या कितीतरी वेळ नुसता बोटांत फिरवत होत्या.

"यल्ला, चला," म्हणत आपा उठल्या.

रानाच्या रखवालदाराने हरणीला शेवटचं पाहिलं होतं तिथून गुड्डी सुटली. मध्येच ती उलटी वळली. मेधाने दोरी खेचली.

"तिला शिकवू नकोस," मागून आपा म्हणाल्या. "नाक तुझं आहे की तिचं?"

मेधाने दोरी सैल सोडली. गुड्डी आम्हाला एका उतारावरच्या झाडाखाली घेऊन गेली. हरणी जिवंत होती, पण फरफटत इथवर येईपर्यंत मागचे दोन्ही पाय निकामी झाले होते. डॉक्टरांनी तपासलं आणि मान हलवली.

आपांनी ओढणी काढून हरणीच्या डोळ्यांवर घातली, मेधाचा हात तिच्या मानेवर ठेवला. "खलास होईपर्यंत काढू नकोस."

इंजेक्शन दिलं. हळूहळू सगळं शांत झालं. मेधाचा बांध फुटला.

"रड," आपा म्हणाल्या. "पण आधी गुड्डीला शाबासकी दे. तू अशीच रडत बसलीस तर तिला वाटेल, आपलं काहीतरी चुकलं."

डोळे पुसत मेधा गुड्डीला उकडलेली कोंबडी भरवत राहिली. "शाब्बास गं माझी बाय, शाब्बास!" बाकीच्या बायकाही भोवती जमल्या. आपा एकट्याच हरणीपाशी उकिडव्या बसून ओढणी सोडवत होत्या.

आम्ही परत निघालो. हायवे दिसायला लागला तसं मी म्हटलं, पुढच्या शुक्रवारी नको जाऊस, तुला सोसायचं नाही.

"कुत्रीला सगळ्यांनी शाब्बास म्हटलं," ती म्हणाली. "आपांना कोणीच नाही म्हटलं. गाडी वळव."