पेंग्विनला जवळा, मला पनीर

सगळ्यात आधी आली ती कुसुम. मी अजून कुणाला धड सांगितलंही नव्हतं, पण आमच्या सुनेने भाजीवालीला सांगितलं आणि भाजीवालीने अर्ध्या कळंब गावाला. कुसुम माझी चाळीस वर्षांपासूनची शेजारीण. हातात वर्तमानपत्रात बांधलेले सुके बोंबील, आणि दारातूनच सुरू.

"काय गो, बर्फात चाललीस म्हनं? तिथं तुला रांधून कोन घालनार?"

"बोटीवर आचारी असतात."

"असतील. ते काय बोंबील भाजनार तुला? हे ने. आनि आलीस की सांग, पैसेवाली मान्सं बोटीवर जेवतात तरी काय."

तर हे कुसुमने विचारलेल्याचं उत्तर आहे असं समजा. मी चौथी शिकलेली. मी वहीत लिहिते, नात फोनवर चढवते आणि शुद्धलेखन तीच बघते.

नातीचं नाव केतकी. समुद्रावरच्या पक्ष्यांचं शिकली आणि आता पृथ्वीच्या पार तळाला, अंटार्क्टिकाला जाणाऱ्या बोटीवर नोकरी करते. प्रवाशांना पक्षी दाखवायचे, माहिती सांगायची. नोकरीतल्या माणसाला घरचं एक माणूस कमी भाड्यात नेता येतं. पूर्ण भाडं ऐकून माझा मुलगा म्हणाला, एवढ्यात मनवेलपाड्याला खोली येईल. त्याचं वालीवला वर्कशॉप, त्याला पंधरा दिवस सुटी कुठली. सून वसई-भाईंदरच्या बोटीतसुद्धा डोळे मिटून बसते. राहिले मी. मी म्हटलं, मी येते. आमची शेतं खाडीच्या काठाला, लहानपणी होडीतून भात आणलेलं आहे, मला पाण्याचं काय भय.

आता चूक कुठे झाली ते सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच आलं. बोटीवाले चार महिने आधी एक फॉर्म मागवतात: तुम्ही काय खाता, काय खात नाही. तिथे वाटेत बाजार नसतो, म्हणून सगळं आधीच भरून घेतात. केतकी स्वयंपाकघरात फोन घेऊन आली तेव्हा मी अळूवड्या वळत होते.

"आजी, मासे, मटण, अंडं काय लिहू?"

"शिव शिव, श्रावनात कुठं मासे घेऊन बसलीस," मी म्हटलं.

तिने तसंच लिहिलं. मासे नाही, मटण नाही, अंडं नाही. बोट निघणार डिसेंबरात. बुधवार, शुक्रवार, रविवार ज्या घरात माशाशिवाय ताट लागत नाही, तिथली मी, कागदावर जन्माची शाकाहारी झाले.

निघण्याच्या दिवशी केतकीने माझी बॅग उघडून कुसुमचे बोंबील, आमची सुकेळी म्हणजे वाळवलेली केळी, तांदळाचं पीठ, सगळं बाहेर काढलं. त्या देशात असलं काही नेऊ देत नाहीत. तुम्ही जाणार असाल तर बांधायच्या आधीच विचारा, नंतर जीव तुटतो. मुंबईहून तीन विमानं बदलून उशुआया नावाच्या गावी पोचलो. अर्जेंटिनाचं शेवटचं गाव, मागे डोंगर, पुढे बंदर. तिथे हातमोजे आणि टोपी घेऊ नका, फार महाग. मी वसईच्या बाजारातून घेतलेली लोकरी टोपी शेवटपर्यंत पुरली.

बोट मोठी नाही, शंभरेक प्रवासी. मला वाटलं होतं पोहण्याचा तलाव, नाचगाणी. तसलं काही नाही. बर्फात फिरवणारी बोट ती, लोक तिथे बघायला येतात, मिरवायला नाही. पण जेवण मात्र चार वेळा. सकाळी आणि दुपारी मांडून ठेवलेलं, हवं ते घ्या. चारला चहा-केक. संध्याकाळी बसून, चिठ्ठीवर खूण करून मागवायचं. सूप तेवढं रोज नवं असायचं आणि रोज उत्तम. पाव तिथेच भाजलेला, गरम.

पहिल्याच संध्याकाळी माझ्या ताटाजवळ हिरव्या पानाचं चित्र असलेलं कार्ड. आणि पांढऱ्या टोपीतला चाळिशीचा माणूस हात पुसत आला.

"आजी, नमस्कार. मी मंजुनाथ, कारवारचा. तुमचं जेवण माझ्याकडे."

परक्या देशात मराठी कानावर पडलं आणि मी तोंड उघडलं, बाबा, ते फॉर्मचं जरा चुकलंय. पण तो आधीच बोलत सुटला होता.

"चौदा वर्षं बोटीवर आहे, आजी. भाजी चिरायची, कांदा सोलायचा, दुसऱ्याच्या हाताखाली. बाकी शाकाहारी लोक अंडं खातात, त्यांचं सगळ्यांबरोबर होतं. अंडंही न खाणाऱ्या तुम्ही एकट्याच. म्हणून मोठ्या शेफने या फेरीला एक चूल माझी करून दिली. तुमचा तवा वेगळा, पळी वेगळी, माशाचा वाससुद्धा लागू देणार नाही. शेवटी पाहुणे कागदावर काय लिहितात त्यावर ठरेल, पुढे चूल राहते की परत कांदे."

मी तोंड मिटलं. मी मासे खाते म्हटलं असतं तर त्याची चूल त्याच क्षणी विझली असती.

पहिले दोन दिवस उघडा समुद्र. बोट अशी हलते की टेबलावरची चादर ओली करून ठेवतात, म्हणजे ताटं घसरत नाहीत. ही युक्ती मला फार आवडली. अर्धे लोक खोलीतच आडवे, मी तिन्ही त्रिकाळ जेवायला हजर. मंजुनाथने दूध फाडून पनीर स्वतः केलं, भोपळ्याची भाजी नारळाच्या दुधात केली, एकदा घावनं काढली. चव खरंच चांगली. मी खोटं नाही लिहीत. पण शेजारच्या टेबलावर लिंबू पिळलेला मासा जायचा आणि माझी मान आपोआप तिकडे फिरायची.

माझ्या टेबलावर एक म्हातारा स्विस गृहस्थ होता. त्याचं अंडं रोज तीनदा परत जायचं. पाचव्या दिवशी सॅलडची हिरवी पानं संपली, कोबी-गाजर आलं, तर तो वेटरवर रागावला. एवढे पैसे भरले आणि पानं नाहीत. केतकीने मला सांगितलं तो काय म्हणतो ते. मी म्हटलं, त्याला विचार, बाहेर बर्फात कोणी मळा लावलाय का. तिने ते विचारलं नाही. पण तुम्ही जाणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा: शेवटच्या दिवसांत फळ म्हणजे सफरचंद आणि संत्रं. त्यात बोटीचा दोष नाही.

बर्फ आला तो तिसऱ्या दिवशी. त्याचं वर्णन केतकी करते, मला जमत नाही. निळा असतो, एवढं सांगते. रबरी होडीतून सकाळ-दुपार किनाऱ्यावर नेतात. उतरण्याआधी बूट धुतात, खिशांत नळी घालून कचरा ओढून घेतात. माझ्या खिशातून एक लवंग निघाली. ती काढणारी मुलगी एवढी गंभीर झाली की मला वाटलं आता मला परत पाठवते. खाण्याचा कणही तिकडे न्यायचा नाही.

पेंग्विन दिसायच्या आधी त्यांचा वास आला. बाकी सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. मी उभी राहिले आणि छाती भरून घेतला. कळंबच्या किनाऱ्यावर जाळी-बोंबील वाळत असतात ना, तसा वास. घर सोडल्यापासून पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटलं.

"हे खातात काय गो?" मी केतकीला विचारलं.

"क्रिल. बारीक कोळंबीसारखं असतं, लाल लाल."

"म्हंजे जवळा."

"जवळाच समज."

पेंग्विनला जवळा आणि मला पनीर. केतकी एवढी हसली की तिच्या पाहुण्यांनी विचारलं काय झालं. मग गंभीर होऊन म्हणाली, "आजी, आज सांगून टाकू. चूक माझी आहे. फॉर्म मी भरलाय."

"आनि त्याचे कांदे?"

"त्याचं ते बघतील."

"कोन बघनार? तू गप ऱ्हा."

दुसऱ्या दिवशी दुपारी भला मोठा मासा डोक्यासकट मांडलेला. मी पनीर घ्यायला चालले होते, शपथेवर सांगते. पण माशाजवळून जाताना हात गेला आणि चमच्याच्या दांडीने मी कल्ला उचलून पाहिला. शिजलेल्या माशाचा कल्ला बघून ताजा-शिळा काय कळणार? पण बाजारात सारा जन्म गेला, हाताला कोण सांगणार. आजूबाजूला पाहिलं, कोणी नव्हतं. निदान मला तसं वाटलं.

एक दिवस डेकवर, बर्फाच्या मधोमध, उघड्यावर शेगड्या पेटवून जेवण दिलं. सगळे कोट घालून मांस खात होते. मंजुनाथने माझ्यासाठी कोपऱ्यात वेगळी शेगडी मांडली होती. मक्याचं कणीस, वर मीठ-तिखट-लिंबू. वारा एवढा की तिखट उडून त्याच्याच डोळ्यांत गेलं, तरी कणीस फिरवतच होता. तेव्हा मला माशाची आठवण झाली नाही. एवढं एकच जेवण, पण झाली नाही.

परतताना समुद्र पुन्हा खवळला. दुपारी जेवणघरात आम्ही सहा-सात जण. माझं आटोपलं तरी मी बसून होते. आतल्या दाराजवळच्या स्टुलावर मंजुनाथ स्वतःचं जेवायला बसला, स्टीलच्या वाडग्यात भात आणि वर लाल कालवण. मला पाहून पटकन पाठ फिरवली, म्हाताऱ्या बाईला त्रास नको म्हणून. पण वास कुठे पाठ फिरवतो.

मी उठले, धरत धरत गेले. "तिरफळ घातलंस?"

"हो, घरून बाटलीत आणतो," तो म्हणाला आणि घास हातातच राहिला.

"बांगडा आहे ना? आंबट कमी पडलंय. रंगावरून दिसतं."

त्याने घास परत वाडग्यात ठेवला. मग हळूच म्हणाला, "आजी, मला त्या मोठ्या माशाच्या दिवशीच कळलं. कल्ला उचलून बघणारी बाई शाकाहारी नसते. माझी आई तसंच बघते."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर चूल गेली असती. रोज तुमच्या ताटात पनीर वाढताना लाज वाटत होती. तुम्ही का नाही बोललात?"

"त्याच चुलीपायी," मी म्हटलं.

त्याने दुसरा वाडगा आणला. बोट इकडून तिकडे डुलत होती, आम्ही दोघांनी दाराला पाठ लावून बांगडा खाल्ला. आंबट कमीच होतं. तरी मी काटा चोखून ठेवला.

शेवटी जेवण कसं होतं ते विचारणारा कागद आला. माझ्या वतीने केतकीने इंग्रजीत लिहिलं, मी खाली मराठीत सही केली. भोपळा, घावनं, वाऱ्यातलं कणीस, सगळं लिहिलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. फॉर्म चुकला होता, जेवण नाही.

घरी आल्यावर कुसुम पुन्हा पहिली. मी सांगितलं, पैसेवाली माणसं पण सूपच पितात, आणि पानं संपली की रुसतात. ती म्हणाली, "एवढं ऐकायला तू पृथ्वीच्या टोकाला गेलीस?" बोंबील मात्र तिने परत नेले नाहीत. ते आम्ही त्याच दुपारी भाजले.

जाणार असाल तर जा. पोटाची काळजी करू नका. फक्त फॉर्म भरताना पंचांग बाजूला ठेवा.

फेब्रुवारीत मंजुनाथ सुटीवर कारवारला निघाला, विमान मुंबईला उतरलं. बायको त्याला घ्यायला आली होती, दोघं सरळ आमच्याकडे. चूल राहिली, हे त्याने चप्पल काढायच्या आधी सांगितलं. मी सुरमईसाठी पिशवी उचलली तर त्याची बायको लाजत म्हणाली, "आजी, आज सोमवार. आम्ही दोघं सोमवारी खात नाही."

मग काय करता. मी वालाचं बिरडं केलं, भोपळा केला, घावनं काढली. मंजुनाथ पाटावर बसून निमूट जेवला. तिसरं घावन घेताना म्हणाला, "आता कळलं, आजी, तुम्हाला कसं वाटत असेल ते."

बोटीवर परत जाताना येतो म्हणालेत. मी वार विचारून घेतला, केतकीने फोनवर लिहून ठेवला, कुसुमला सांगून ठेवलं. होळीच्या नंतरचा बुधवार.