आत्यानं न पाहिलेला हत्ती

मी चार वर्षांचा असताना आई गेली. मला वाढवलं ते आत्यानं. तिनं लग्न केलं नाही. शिरूरच्या आमच्या चर्चमध्ये ती आजही लहान मुलांचं संडे स्कूल घेते. नोहाच्या तारवाची गोष्ट सांगताना हाताची सोंड करायची, सिंहासारखी गुरगुरायची आणि शेवटी हसून म्हणायची, "मी तरी कुठं बघितल्यात, पण असंच आसंल."

गेल्या दिवाळीत रांजणगावची आमची कंपनी चार दिवस बंद होती. बायको, मुलगा, मुलगी आणि आत्याला घेऊन मी पुण्याचं प्राणिसंग्रहालय बघायला निघालो. "तुला खरा हत्ती दाखवतो," असं तिला आठवडाभर सांगत होतो. नाताळसाठी ठेवलेली नवी साडी तिनं त्या दिवशीच नेसली.

पोचायलाच अडीच वाजले. गर्दी मरणाची. आत फिरवणाऱ्या बॅटरीच्या गाडीला लांबलचक रांग होती, पोरं थांबायला तयार नव्हती, आणि आत्याचे गुडघे तेवढ्यातच दुखायला लागले. फाटकाजवळ झाडाखाली एक बाक होता. तिला तिथं बसवून मी म्हणालो, "पोरांना वाघ दाखवून अर्ध्या तासात येतो. तोवर रांग कमी होईल, मग तुला गाडीनं नेतो. हलू नको इथून."

"जावा तुम्ही. मी हाय हितंच."

वाघ झोपला होता. तो उठेपर्यंत थांबलो. मग अस्वल, माकडं, आइस्क्रीम. हत्तीपाशी बायको म्हणाली, "अहो, आत्या एकट्याच आहेत."

"बसलीय की निवांत. एवढं आलोय तर सगळं बघूनच जाऊ," मी म्हणालो. हे मीच बोललो, दुसरं कुणी नाही.

परतलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. सावली कधीच सरकली होती. डोक्यावर पदर घेऊन आत्या उन्हात तशीच बसली होती. मोबाइल ती वापरत नाही. पाण्याची बाटली माझ्या पिशवीत राहिली होती. ती उठली तेव्हा साडी मागून ओली दिसली.

"चुकामूक हुईल म्हून जागचं उठलेच न्हाई," ती बायकोला हळूच म्हणाली. बायकोनं आपली ओढणी काढून तिच्या कमरेला गुंडाळली. बंद व्हायची वेळ झाली होती, आत्याचा हत्ती राहिलाच.

त्यानंतरच्या रविवारी संडे स्कूलमधून पोरांना आणायला मी थोडा लवकर गेलो. दारातूनच आत्याचा आवाज ऐकू आला. "हत्ती ह्यो एवढा! कान सुपावानी हलवीत हुता. आमच्या पोरानं हात धरून समदं दाखिवलं मला."

पुढं बसलेल्या माझ्या मुलीनं मान वळवली आणि माझ्याकडे बघत राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

सगळे गेल्यावर आत्या सतरंजी गुंडाळत होती. मी दुसरं टोक धरलं. "आत्या, परत जाऊ. फक्त तू आन् मी."

"नगं. गुडघं न्हाई साथ देत आता." मग ती म्हणाली, "लेकरांम्होरं खोटं बोलले आज. त्याचं मी देवापाशी बघीन. तू कुणाला बोलू नको."

मी मान हलवली. 'माझं चुकलं' हे दोन शब्द अगदी ओठावर आले होते. पण तेवढ्यात तिनं सतरंजी माझ्या हातात दिली, मी ती कपाटात ठेवली आणि आम्ही बाहेर पडलो. ते शब्द अजून तिला म्हटलेले नाहीत.