सांधीवांचा कोश आणि आमचे दाजी

इतरांना रागवायला माणूस लागतो, निदान मांजर तरी. आमच्या दाजींना एक शब्द पुरायचा. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. सांगलीत ओतकामाच्या एका कारखान्यात लाकडी साचे करायचे. पंपाचं जे लोखंडी अंग भट्टीतून ओतून निघायचं, त्याची हुबेहूब लाकडी प्रत आधी दाजी कोरायचे. मग ती वाळूत दाबून काढायची आणि उरलेल्या पोकळीत लोखंड ओतायचं. हात असा की सागवानाला वाटावं आपण लोणीच आहोत. आणि डोकं असं की ते आष्ट्याला आमच्याकडे येणार म्हटलं की आई घर आवरायच्या आधी घरातल्यांची तोंडं आवरायची. जावई दशमग्रह म्हणतात. आमचा ग्रह एसटीनं यायचा आणि उतरतानाच कंडक्टरशी भांडलेला असायचा. "दार पुढं हाय, आणि ह्यो बाबा म्हणतोय पुढं सरका! पुढं सरकून काय खाली पडू?" हे वाक्य ते ताटावर बसेपर्यंत चालायचं, आणि जावयाला गप्प बसा म्हणायची आमच्यात पद्धत नाही.

पण हा किरकोळ राग. खरा राग त्यांनी राखून ठेवला होता तो सांधीवांसाठी. मिरज स्टेशनाबाहेर एक रद्दीवाला होता, त्याच्याकडून दाजी मुखपृष्ठ फाटलेली इंग्रजी पुस्तकं उचलायचे आणि मांडीवर कोश घेऊन वाचायचे. त्यात कुठल्या कुठल्या ग्रहांवरची अर्धी माणूस, अर्धी यंत्र अशी जमात असायची. ती वाचून दाजींनी स्वतःची एक जमात काढली. ती फार लांबच्या एका ग्रहावर राहायची, पण तिथंही एक नदी होती, तिला घाट होते आणि पलीकडच्या काठाला वांग्याची शेती होती. ही माणसं जन्मायची आपल्यासारखीच. मोठी झाली की गरजेप्रमाणं त्यांच्या अंगाला धातू सांधायचा, म्हणून ती सांधीव. त्यांच्यावर दाजी कादंबरी लिहीत होते. मी विशीत आलो तोवर कादंबरीची पानं झाली होती अकरा आणि त्यातल्या शब्दांच्या कोशाच्या वह्या चार.

काय नव्हतं त्या कोशात! पहिला धातू अंगाला लागायचा त्या समारंभाला 'सांधवण'. एकाच मुशीत वितळलेल्या धातूचे अवयव ज्यांना लागले ते एकमेकांचे 'मूसभाऊ', आणि मूसभावांच्या घरात सोयरीक वर्ज्य. हे त्यांनी आम्हाला इतक्या गंभीरपणे सांगितलं की आमच्या चुलत्यांनी "बरोबर हाय, भावकीत कसं द्यायचं?" म्हणून मान हलवली. आक्का पोळी लाटता लाटता म्हणाली, "आणि आई एका मुशीची, बाप दुसऱ्या मुशीचा, तर पोराचं आजोळ कुठलं?" दाजी ताटावरून उठले. दोन दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कोशात 'आजोळमूस' हा शब्द आला आणि दाजी जेवले.

एकदा सांगलीच्या एका दिवाळी अंकानं त्यांच्या अकरा पानांतली चार छापली. संपादकानं एवढंच केलं, की वाचकांना कळावं म्हणून सगळीकडे 'सांधीव' काढून 'यंत्रमानव' घातलं. झालं! अंगावर लाकडाचा भुस्सा तसाच ठेवून दाजी सायकलवरून छापखान्यात गेले. "यंत्रमानव म्हंजे आदी यंत्र! माजी माणसं आदी माणसं हायती, लोखंड मागनं आलंय! एवडं कळत न्हाई तर अंक कशाला काढता, उदबत्त्या काढा!" तिथून निघाले ते एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर. खिशातून पेन्सिल काढून स्टॉलवरच्या एकेका अंकात 'यंत्रमानव' खोडून 'सांधीव' लिहीत बसले. स्टॉलवाला ओरडून ओरडून दमला, शेवटी त्यानंच त्यांना बसायला स्टूल दिलं. मला हे ऐकून हसू आलं होतं. त्या वेळी मला दोन्ही हात होते. काय जातंय हसायला!

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. आमच्या गुऱ्हाळावर चरकात ऊस सारताना माझ्या सदऱ्याची बाही अडकली. पुढचं सांगत नाही. मिरजेच्या दवाखान्यातून घरी आलो तेव्हा डावा हात मनगटाच्या वर चार बोटं संपत होता. आणि आमचं गाव! आमच्या गावात बारशाचं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर राहतं. आठ दिवसांत मी थोट्या झालो. माझं नाव संपत, पण दुकानदार म्हणायचा "थोट्याच्या आईला मीठ दे", आणि म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसायचं. हेच मला जास्त झोंबायचं. शिवी दिली असती तर मी शिवी दिली असती. मी घराबाहेर पडणं बंद केलं. तीन महिने मागच्या खोलीत बसून होतो आणि जो आत येईल त्याच्यावर खेकसत होतो. आई पाणी ठेवायची आणि उलट्या पावली जायची.

दाजींनी हे नाव ऐकलं आणि देवळापुढच्या पारावर जाऊन अख्ख्या गावाला झापलं. "पोराचा हात गेला, नाव गेलंय व्हय रं तेचं? थोट्या न्हाई म्हणायचं. सांधीव म्हणायचं!" पारावरची मंडळी जावयाचा मान राखून "व्हय व्हय" म्हणाली. दुसऱ्या दिवशी तीच मंडळी आमच्या दारावरून जाताना विचारत होती, "काय वैनी, सांधीव थोट्या बरा हाय न्हवं?"

पुढच्या रविवारी दाजी फडक्यात बांधून एक वस्तू घेऊन आले. लाकडी हात. डावा. सागवानाचा, नखांसकट. पालथा केला तर तळव्यावर आयुष्याची रेषासुद्धा कोरलेली. आई रडायला लागली. मी तो हात माझ्या उजव्या हाताशेजारी धरला आणि पाहतो तर काय, बोट न् बोट जाड, पंजा हा एवढा. कुंभकर्णाचा हात! दाजींनी पाहिलं, खिशातली पट्टी काढली आणि त्यांचा चेहरा पडला. ओतलेलं लोखंड निवताना आक्रसतं, म्हणून साचेवाल्याची पट्टीच मुळी इंचाला थोडी मोठी असते. वर कानशीनं घासण्यासाठी चारी बाजूंनी एकेक सूत जादा सोडायचं. वीस वर्षं हाताला तेच वळण. त्यांनी माझा हात ओतायचा म्हणून कोरला होता. "लाकूड आक्रसत न्हाई, गाढवा, लाकूड आक्रसत न्हाई," असं ते स्वतःलाच म्हणाले आणि आमच्या भिंतीवर मूठ आपटली.

तिथं थांबले असते तरी चाललं असतं. पण हार मानतील तर ते दाजी कसले! म्हणाले, "ऱ्हाऊ दे. दुसरा करतो. तवर ह्ये ऐक." आणि कादंबरीचं बारावं पान वाचायला लागले. त्यात एक संपत नावाचा तरुण होता. त्याचा हात गेला होता. सांधवण झाली, पितळी हात लागला आणि तो हसत हसत घाटावर आंघोळीला निघाला. "आता त्याला काहीच कमी नव्हते," दाजींनी वाचलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जावई, मान, दशमग्रह, सगळं गेलं खड्ड्यात. मी ओरडलो, "आवं दाजी, बास करा! गाव म्हणतं मला थोट्या, तुमी म्हणताय सांधीव. मला इचारलं का कुणी? मला न्हाई तुमच्या ग्रहावर जायाचं! तुमच्या चार वह्यांत एक शब्द दावा मला. जो हात न्हाईच, तो दुकतोय. रोज दुकतोय. मूठ आवळल्यागत हुतीया, सोडवता येत न्हाई. करंगळीला खाज सुटतीया, खाजवाय जावं तर हवा! ह्येला काय म्हणत्यात तुमचं सांधीव?"

आईला मी हे एकदा सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "न्हाई त्यो हात कसा दुकंल, बाळा?" डॉक्टर म्हणाले होते, जाईल हळूहळू.   दाजींनी मात्र कादंबरी मिटली, कोशाची वही उघडली, पेन्सिल काढली आणि अगदी हळू विचारलं, "आत्ता कुठल्या बोटात हाय?"

"करंगळीत."

"खाज का ठणका?"

मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. संध्याकाळची एसटी चुकली तरी लिहीत होते. अर्थ लिहून झाला, पूर्ण दीड पान. डावीकडे शब्दाची जागा मात्र कोरी राहिली.

मग सांगलीहून पोस्टकार्डं सुरू झाली. प्रत्येक कार्डावर एकच शब्द, खाली "जमतो का?" 'रितदुखी.' 'मागकळ.' एक तर इतका संस्कृत होता की पोस्टमनला तो वाचता येईना, आणि आमचा पोस्टमन प्रत्येक कार्ड वाचूनच द्यायचा. मला इतका संताप यायचा! रितदुखी? रितं कुठं आहे ते, भरलेलं आहे, म्हणून तर दुखतं! हे त्यांना ताबडतोब कळवायलाच हवं होतं. मी कोऱ्या कार्डावर मोठ्या अक्षरात "न्हाई" लिहिलं आणि तसाच ताडताड पेटीत टाकायला निघालो. परत येताना ध्यानात आलं की मी बाजारपेठेतून चालत आलो होतो. तीन महिन्यांनी. पुढं आठवड्याला एक कार्ड आणि आठवड्याला एक "न्हाई". पारावरचे लोक हाक मारायचे, "थोट्या, जमला का रं शब्द?" मी म्हणायचो, "कसला जमतोय! त्यांच्या डोक्यात भुस्सा भरलाय." आणि त्या बोलण्यात पाच मिनिटं पारावर टेकायचो. थोट्या हे नाव गेलं असं समजू नका. गावानं लावलेलं नाव जात नसतं. पण मी ओ द्यायला लागलो.

दुसरा लाकडी हात दाजींनी मापात करून दिला, तो मी लग्नात घातला. पहिला आमच्या पुढच्या सोप्यात खुंटीला आहे, त्याच्या अंगठ्यावर मी टोपी अडकवतो. कोरी ओळ कोरीच राहिली. पण त्यानंतर पंचवीस वर्षं दाजी भेटले की रामराम नाही, ख्यालीखुशाली नाही. एसटीतून उतरले, कंडक्टरला शेवटचं वाक्य ऐकवलं, की माझ्याकडं वळून पहिला प्रश्न, "कुठल्या बोटात?" मी बोट सांगायचो. ते त्या बोटावर रागवल्यासारखी भुवई चढवायचे, मान हलवायचे आणि मग घरात शिरायचे.

दाजींच्या शेवटच्या दुखण्यात मी सांगलीला गेलो तेव्हा त्यांना बोलताना धाप लागत होती. आक्का उशाशी होती. मला पाहून त्यांनी ओठ हलवले. काय विचारताहेत ते कळायला ऐकू यायची गरज नव्हती. आजारी माणसाला कशाला त्रास, म्हणून मी म्हणालो, "आता कुठंच न्हाई, दाजी. थांबलं समदं."

दाजींची भुवई चढली. "खोटं बोलतोस," ते म्हणाले. "कोश बिगडवतोस माजा."

"करंगळीत हाय," मी म्हणालो. तेव्हा कुठं त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले.

आता गावात सगळे विचारतात, बरं हाय न्हवं? मी म्हणतो, बरं हाय. आज सकाळपासून अंगठ्यात आहे, दाजी. ठणका आहे, खाज नाही.