शाडू मळायचं सरकारी मशीन

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आमच्या कारखान्यातल्या माणसांना अर्धं माहीत आहे, उरलेलं कुणालाच नाही. तुम्ही आपले वाटता म्हणून सांगतो — नाही, तेही खरं नाही. आता पोटात ठेववत नाही, म्हणून.

पेणला रामवाडीत आमचा गणपतींचा कारखाना. शाडू हातापायांनी मळायचा, हे आजोबांपासून. मग सरकारच्या मनात आलं, या लोकांचा धंदा आधुनिक करू. करा ना! पण आधी आम्हाला विचाराल की नाही? योजना आली, शेड आली, कोनशिला आली आणि सगळ्यात शेवटी माती मळायचं मशीन आलं — विटांच्या मातीसाठी बनवलेलं! चिकट शाडू घातला की अडकायचं. बटण बंद करून गोळा उपसायला जावं, तर गोळा सुटताच ताणात अडकलेलं आतलं पातं बंद मशीनमध्येही एक गिरकी घ्यायचं. एका कारागिराचा हात थोडक्यात वाचला. तेव्हापासून आम्ही आत हात घालत नव्हतो, लाकडी दांडकं घालायचो.

तक्रार? केली की. उत्तर आलं — दुरुस्तीची तरतूद नाही, नवीन मशीनची आहे.

मग पाहणीला मोठे साहेब आले. मी कारागिरांच्या संस्थेचा अध्यक्ष. आदल्या दिवशी हातानं मळून लोण्यासारखा केलेला शाडू मी मशीनच्या तोंडात घातला. सुरेख वळकट्या बाहेर पडल्या. टाळ्या झाल्या. साहेब माणूस भला — मला बाजूला घेऊन म्हणाले, "खरं सांगा, काही अडचण?"

"काय नाय साहेब. झकास हाय."

का म्हणालो? योजना फसली म्हटलं, की पुढच्या योजनेतून आपलं नाव कटतं, हे माहीत होतं. आणि फोटोत मधोमध उभं राहायचं होतं — तेही होतंच.

आमचं बघून योजना रोह्याला गेली. तिथे वरसे गावात माझी धाकटी बहीण सुमन राहते. तिच्या मूर्ती करणाऱ्या महिला गटाला तेच मशीन मंजूर झालं. तिचा फोन आला. "दादा, खरंच चांगलं हाय ना? तू म्हणशील तर घेतो आम्ही."

"व्हय गो, घे."

दांडक्याचंही बोललो नाही. तेवढं सांगितलं असतं, तर सगळंच सांगावं लागलं असतं.

गणपतीच्या आधीच्या घाईत तिचं मशीन अडकलं. प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे तिनं बटण बंद केलं आणि हात घातला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. मूर्तीचे डोळे आखायचा हात तो. तिच्यासारखी आखणी आमच्या घरात कुणाची नव्हती, माझी तर नाहीच.

दवाखान्यात ती म्हणाली, "माझंच चुकलं दादा. घाई केली मी." चौकशीला आलेल्या माणसानंही तेच ठरवलं — निष्काळजीपणा. माझं डोकं फिरलं. त्याच्यावर चिडलो, योजनेवर चिडलो, मशीन पाठवणाऱ्यांवर चिडलो. आणि तिला काय म्हणालो? "असू दे गो. होतं असं."

म्हणजे — मी तिला माफ केलं!

घरी कुणी आलं, की ती अजून सांगते, "मीच धांदरट." मी शेजारी चहा पीत असतो. सरकारला मनसोक्त शिव्या घालतो, आणि तिचं वाक्य तसंच राहू देतो.