टोपीतलं चंदनाचं अत्तर

ये व बाई, जवळ बसल्यावानी हे पत्र वाच. दिवाळीले आली, दाराशीच तो सेंटचा फवारा अंगावर मारला अन् दुसऱ्या दिवशी एस्टीत बसली. आजीजवळ घडीभर टेकता नाही आलं तुले? म्हणून लिहून राह्यली.

तुहे आबा चंदनाचं अत्तर लावत. चिखलीच्या बाजारात एक अत्तरवाले चाचा बसत. ते कापसाच्या बोळ्यावर थेंब सोडत, अन् आबा तो फाया कानात खोचत. चाचा सांगत, गुलाब असो का केवडा, जुन्या लोकांनी तो चंदनाच्या तेलातच उतरवला. फूल उडून जाते, लाकूड थांबते. आबाचं चंदन आधी नाकाले कडवट लागे, मंग दुपारी घामात मिसळलं की दुधासारखं गोड होई.

आबा गेले तवा कपडे वाटून टाकले, रिवाजच तसा. टोपी मात्र मी पेटीत लपवली, आत त्याईचा शेवटचा फाया. चार-पाच महिने रोज पेटी उघडून हुंगली. मंग भेव वाटलं, असा वास सरून जाईल, कसर लागेल. म्हणून शहाणपणा केला. लुगड्यात टाकतो तश्या डांबरगोळ्या टाकल्या अन् कुलूप लावलं. वर्षश्राद्धाले उघडली, तं निस्ता डांबराचा वास. सावलीत वाळवली, वाऱ्यावर टांगली. काहीच नाही.

चिखलीले गेली. चाचा राह्यले नाहीत, पांढऱ्या दाढीचा त्याईचा लेक बसते. त्यानं माह्या दोन्ही हातांवर कुप्या लावून पाह्यल्या. एकातही आबाचा वास नव्हता. अस्सल चंदन आता परवडत नाही, हे साध्या तेलावरचं आहे, म्हणे. मी इचारलं, तुह्या अब्बाच्या हातचं थेंबभर नाही काय कुठं? तो उगाच झाकणं पुसत बसला.

मंग म्हणे, "काकू, अब्बाच्या अंगाचा वास मलेच आठवत नाही आता."

तवापासून माहं सारं संपल्यावानी झालं. आबाचा चेहरा दिसते, खोकला ऐकू येते. पण वास आठवाले गेली की डांबरच येते नाकात. माह्याच हातानं झालं हे, कोणाले बोलू?

तू लहानपणी त्याईच्या खांद्यावर नाक खुपसून झोपे. तुहं नाक तरणं आहे. एकदा टोपी हुंगून पाह्य, काही उरलं असलं तं सांग. नसलं तं माह्या समाधानासाठी खोटं बोलू नको. पण ये व माय, याच आठवड्यात ये.